बटणाएवढं भिंग

रंगाऱ्याने उभा जन्म उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवण्यात घालवला. दोरावर लटकून, टळटळीत उन्हात, पांढऱ्या भिंतीपासून हातभर अंतरावर. उन्हाला त्याने कधी जुमानलं नाही.

साठी उलटली आणि पांढरा रंग पिवळट वाटून तो त्यात नीळ जास्त घालू लागला. बरोबर काम करणारी लेक म्हणाली, "बाबा, भिंत निळी दिसतेय."

"तूच डोळे तपासून घे," तो गुरकावला.

शेवटी तिनेच त्याला दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी एक बाटली त्याच्यापुढे धरली. आत शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी होतं, कडक चहाच्या रंगाचं.

"हे माझ्या डोळ्यात होतं?"

"तुमचंच भिंग, काका. त्याच्या जागी आता कृत्रिम बसवलंय. हे मुळात पाण्यासारखं नितळ. उन्हात न दिसणारे अतिनील किरण असतात. ते बरेचसे हे भिंगच पिऊन टाकतं, म्हणून मागचा पडदा वाचतो. पण त्यापायी याच्यातली प्रथिनं बिघडतात, त्यांच्या गुठळ्या होतात. वयाने व्हायचंच ते उन्हाने लवकर केलं."

"कातडी करपली तर नवी येते. हे का नाही येत?"

"याचा गाभा तुम्ही आईच्या पोटात असताना तयार झाला. तेव्हापासून तोच आहे. बदलत नाही."

रंगाऱ्याने बाटली हातात घेतली. आईला जाऊन वीस वर्षं झाली होती. तिचा एक फोटोसुद्धा घरात नव्हता. आणि तिच्या पोटातल्या अंधारात घडलेली ही एवढीशी वस्तू साठ वर्षं निमूटपणे ऊन झेलत बसली होती. त्याने आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहिलं. डाव्याने खोली मातकट दिसे, उजव्याने लख्ख.

बाहेर व्हरांड्यात त्याने लेकीला उजेडात उभं केलं आणि तिच्या डोळ्यांत वाकून पाहू लागला. काळ्याभोर बाहुलीपलीकडे काहीच दिसेना, इतकं तिथलं भिंग स्वच्छ होतं. तिच्या आईने घडवलेलं.

"काय बघताय, बाबा?"

"काही दिसत नाहीये," तो हलकेच म्हणाला, "तेच बघतोय."

मग तिचा हात धरून तो थेट समोरच्या चष्म्याच्या दुकानात शिरला. "ते उन्हातले किरण अडवणारे चष्मे दाखवा," त्याने सांगितलं. "आधी हिच्या मापाचा."