यादीत नसलेला चेहरा

माझं काम म्हणजे बायकांचे गुडघे काळे करणं. हसू नका. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका गोदामात मी, मुरलीधर परब, सात वर्षं हेच करत होतो. परदेशातून पुस्तकं-मासिकं यायची. त्यात उघडं अंग, दारूची बाटली, डुक्कर असलं काही दिसलं की काळा मार्कर फिरवायचा आणि शेवटच्या पानावर सही ठोकायची, एम. पी. मग पुस्तक दुकानात जायचं, नाहीतर शाळेच्या लायब्ररीत. काय झाकायचं त्याची यादी भिंतीवर चिकटवलेली होती. यादीबाहेर डोकं चालवायचं नाही, असं आमचा सुपरवायझर खैरुद्दीन रोज बजावायचा.

अठ्ठ्याण्णव साली माझी अस्मी दहा वर्षांची होती. नाकडोळे आईचे, रंग माझा, म्हणजे पक्का काळा. एका बुधवारी शाळेच्या बसमधून आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, "आय ॲम नॉट गोइंग टू स्कूल."

का, तर वर्गात तिला सगळे चटनी म्हणतात.

"कोण ही चटनी?"

तिने लायब्ररीचं पुस्तक पुढे टाकलं. अमेरिकेतली पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची जुनी कॉमिक्स, नव्याने छापून एकत्र बांधलेली. पाठीवर झगा टाकून उडणारा गोरा हिरो, आणि त्याचा हिंदुस्थानी नोकर चटनी. डांबरासारखा काळा, लोंबते ओठ, बटाट्याएवढे डोळे, वर फेटा. भूत म्हटलं की टेबलाखाली शिरणारा. हिरो त्याला मानगूट धरून बाहेर काढतो आणि हा दात काढत साहेबाचे बूट पुसतो. कुठल्या मेल्याने काढलं असेल हे! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"सुरुवात कुणी केली?"

"नीरव."

नीरव आमच्याच बिल्डिंगमधला, पुण्याच्या लोकांचा. वर्गात सगळी आपलीच पोरं, गोरं एकही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

रागारागाने पानं उलटत शेवटापर्यंत गेलो, तर तिथे सही. एम. पी.

तेव्हा आठवलं. चार महिन्यांपूर्वी हे पुस्तक माझ्याच टेबलावरून गेलं होतं. एका बाईचे गुडघे झाकले होते, एक दारूची बाटली झाकली होती. चटनी पानापानावर होता आणि मला दिसला नव्हता. लाज वाटली हो. पोरीसमोर तोंड वर करवेना.

गुरुवारी पुस्तक घेऊन खैरुद्दीनकडे गेलो. "खैरुभाई, ये चेहरा भी लिस्ट में डालो."

तो गुलबर्ग्याचा, माझ्यापेक्षा काळा. चित्र पाहून खो खो हसला. "अरे मुरली, कार्टून है ये! इसमें नंगा क्या है?"

"हम हैं," मी म्हटलं.

त्याचं हसू थांबलं. "लिस्ट ऑफिस से आती है, तेरे घर से नहीं. खलास. यल्ला, काम पे लग."

शुक्रवारी सुट्टी. गोदामातला मार्कर खिशात घालून आणला होता. जेवणं झाल्यावर अस्मीला शेजारी बसवलं आणि सांगितलं, "उद्यापासून हा चटनी कुणाला दिसणार नाही. बाबाचा शब्द."

"अहो, लायब्ररीचं पुस्तक आहे, शाळेत बोलावतील," बायको, संपदा, स्वयंपाकघरातून ओरडली.

"बोलावू दे!"

अस्मी बोटाने चेहरा दाखवायची, मी झाकायचो. कपाळापासून हनुवटीपर्यंत, रेषेबाहेर टिपूस नाही. एकशे त्रेचाळीस चेहरे. मधेच ती खुदकन हसली, कित्येक दिवसांनी. एवढं जीव लावून काम मी गोदामात कधी केलं नव्हतं.

शनिवारी शाळेतून आली ती दप्तर न फेकता. हळूच खाली ठेवलं.

"काय झालं गं?"

पुस्तक उघडून तिने समोर धरलं. गोरा हिरो तसाच हसत उडत होता. त्याच्या काखेत एक फेटा, आणि फेट्याखाली नुसता काळा डाग.

"नीरव सेड, नाऊ इट्स एग्झॅक्टली यू," ती म्हणाली. मग एरवी मराठीत चार शब्द न बोलणारी माझी पोर मराठीत म्हणाली, "बाबा, आधी त्याला तोंड तरी होतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धावत जाऊन थिनर आणला, कापसाने डाग पुसायला लागलो. शाई निघाली, तिच्यासोबत कागदही निघाला. चटनीच्या जागी भोक पडलं.

"नको बाबा. स्टॉप," अस्मी म्हणाली.

रविवारी गोदामात त्याच पुस्तकाच्या आणखी चाळीस प्रती आल्या होत्या. खैरुद्दीनने गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला. "लिस्ट याद है ना?"

याद होती. चटनीच्या तोंडावर मार्कर फिरवून काय होतं तेही आता ठाऊक होतं, आणि शाळेची फी कुणाच्या पगारातून जाते तेही. चाळीसही प्रतींवर सही केली.

संध्याकाळी अस्मी दारातच उभी होती. "बाबा, आज तू काय झाकलंस?"

"बायकांचे गुडघे," मी म्हटलं, आणि हात धुवायला गेलो.