थांबलेले हात

"ताई, हात! तुमचे हात थांबलेत!"

इअरफोनमधून निर्मातीबाई ओरडत होत्या. ताईला नीट ऐकू येत होतं. समोरच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात तिची स्वतःची चौकटही दिसत होती. काळ्या कपड्यांतली एक मध्यमवयीन बाई आणि तिचे मांडीवर ठेवलेले दोन हात.

बातम्यांच्या त्या वाहिनीवर ताई खुणांच्या भाषेची दुभाषी होती. संध्याकाळच्या चर्चेत निवेदक जे बोलेल ते बहिऱ्या प्रेक्षकांना हातांनी सांगायचं, हे तिचं काम. भांडणं, टोमणे, पुढाऱ्यांच्या थापा, सगळं तिच्या हातांखालून गेलं होतं. पण आज निवेदकानं शहरात पसरलेल्या तापाचं खापर एका धर्माच्या लोकांवर फोडलं होतं आणि टेबलावर मूठ आपटून तो म्हणाला होता, "वाळवी आहे ही, वाळवी! आणि घराला वाळवी लागली की आपण काय करतो?"

त्या लोकांसाठी खुणांच्या भाषेत एक साधी खूण होती. तळवा छातीवर टेकवायचा आणि किंचित पुढे न्यायचा. वाळवी म्हणजे बोटांनी मनगट कुरतडणं. दोन्ही जोडून दाखवायला ताईला कितीसा वेळ लागणार होता? पण खूण एकदा हातात बसली की सुटत नाही. उद्या एखादी बहिरी मुलगी आपल्या शेजाऱ्याची ओळख करून देताना आधी छातीला हात लावेल, मग मनगट कुरतडेल, आणि ते तिला ताईनंच शिकवलेलं असेल. ताईचे हात आपसूक खाली आले. कार्यक्रम संपेपर्यंत ते वर गेले नाहीत.

दिवे मालवल्यावर निर्मातीबाई तरातरा आल्या. "तुम्ही दुभाषी आहात ताई, न्यायाधीश नाही."

"म्हणून तर गप्प बसले," ताई म्हणाली. "न्यायाधीश असते तर बोलले असते."

निवेदक चेहऱ्यावरची पावडर पुसत होता. "अहो, एक शब्द होता तो. एवढं काय मनावर घेता? लोक उद्या विसरतील."

दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही, असं तिला दारातच सांगण्यात आलं.

घरी आईनं कपाळाला हात लावला. "लोकांच्या नोकऱ्या जिभेपायी जातात. तुझी हात आवरल्यामुळे गेली. तुझी तऱ्हाच न्यारी!" पण तिनं ताट वाढलं आणि पुढे काही विचारलं नाही.

विचारलं ते धाकट्यानं. ताईचा हा भाऊ लहानपणच्या तापात बहिरा झाला होता आणि ताई हातांनी बोलायला शिकली ती त्याच्यासाठीच. आता तो सुतारशाळेत दारं-खिडक्या बनवत होता. त्याचं बोलणं सगळं खुणांचं, पण रागावला की त्याच्या हातांचा आवाज घरभर होई. आताही तो टेबलावर थाप मारून तिच्यासमोर उभा राहिला.

"काय म्हणाला तो? सगळे मला विचारतायत. तू का थांबलीस?"

"घाण बोलला. तुला कळून काय करायचंय?"

"ते तू ठरवणार? ज्यांना ऐकू येतं त्यांनी सगळं ऐकलं. चांगलं की वाईट, ते त्यांचं त्यांनी ठरवलं. आम्हाला मात्र तू लहान मुलांसारखं दार लावून बाहेर ठेवलंस."

आपण काहीतरी वाचवलं असं ताईला तोवर वाटत होतं. ज्यांच्यासाठी वाचवलं त्यांना विचारावं, हे मात्र मनात आलंच नव्हतं. मग तिनं सांगितलं. पण दोन खुणा जोडल्या नाहीत. आधी निवेदक दाखवला, त्याचं तोंड दाखवलं आणि मग त्या तोंडातून बाहेर पडलेला शब्द.

धाकटा खुर्चीत बसला. मग त्याचे हात सावकाश हलले. "म्हणजे मिस्त्रींनी ऐकलं."

मिस्त्री त्याच सुतारशाळेत त्याच्या शेजारच्या बाकावर काम करत. ते त्याच धर्माचे होते आणि त्यांना चांगलं ऐकू येत असे.

"सुतारशाळेत टीव्ही चालू होता. ते उठले आणि बंद केला. मला खुणेनं म्हणाले, बिघडलाय. मग कितीतरी वेळ हात धूत बसले."

दुसऱ्या दिवशी ताई त्याच्यासोबत सुतारशाळेत गेली. मिस्त्री एका दाराच्या चौकटीला रंधा मारत होते. धाकट्यानं वाहिनीविरुद्ध तक्रार करायचं ठरवलंय असं ताईनं सांगितल्यावर त्यांनी रंधा खाली ठेवला.

"माझ्यासाठी नको, ताई. आम्हाला सवय आहे. उगाच वाढवू नका."

"काही झालंय का?" ताईनं विचारलं.

मिस्त्रींनी चौकटीवर हात फिरवला. "हे दार बसवायला जायचं होतं. सकाळी त्या घरच्या बाईंचा फोन आला. दार पाठवा, पण बसवायला दुसरा माणूस पाठवा. घरात लहान मूल आहे म्हणाल्या. चांगल्या आहेत हो त्या. मागे माझ्या मुलीला खेळणी दिली होती त्यांनी. घाबरल्यात नुसत्या."

ताईनं ते धाकट्याला सांगितलं. तो मिस्त्रींसमोर जाऊन उभा राहिला आणि ताईकडे न बघता त्यांनाच म्हणाला, "तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी. माझ्या टीव्हीवर झालंय हे."

मिस्त्रींना त्यातल्या अर्ध्याच खुणा कळल्या, पण त्यांनी मान हलवली.

वाहिन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या नियामक मंडळाकडे धाकट्यानं आणि त्याच्या बहिऱ्या मित्रमंडळींनी मिळून तक्रार केली. महिने गेले. दरम्यान ताईला इस्पितळात काम मिळालं. बहिऱ्या रुग्णांचं दुखणं डॉक्टरांना सांगायचं आणि डॉक्टरांचं म्हणणं रुग्णांना. "इथं निदान लोक बरे व्हायला येतात," असं आई शेजारणीला सांगे.

सुनावणीची खोली साधीच होती. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, टेबलापलीकडे तीन सदस्य आणि मधोमध अध्यक्षबाई. ताई साक्षीदार असल्यामुळे धाकट्यासाठी दुसरे एक वयस्क दुभाषी बोलावले होते. वाहिनीचा वकील हसतमुख होता.

"तक्रारदारांना ऐकू येत नाही," तो म्हणाला. "जो शब्द त्यांनी ऐकलाच नाही, त्यानं त्यांच्या भावना दुखावल्या कशा?"

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. धाकट्यानं दुभाष्यांचे हात शेवटपर्यंत पाहिले, मग उठून उभा राहिला. त्याच्या खुणांमागून वयस्क दुभाष्यांचा खोल आवाज येत राहिला.

"बरोबर आहे, मी ऐकलं नाही. पण त्या दिवशी माझ्या बहिणीचे हात थांबले. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. तिनं येऊन मला सांगितलं. रडत होती, पण हात थांबले नाहीत. आईचं ऑपरेशन नीट झालं नाही, तेही तिनं सांगितलं. माझ्या आयुष्यातली प्रत्येक वाईट बातमी त्या हातांनी मला दिली आहे. ते हात ज्या शब्दाला थांबले, तो केवढा असेल, हे कळायला मला कान लागत नाहीत."

ताईनं मान खाली घातली. तिला कुणाकडेच बघवत नव्हतं.

वकिलानं घसा साफ केला. "आदर आहे. पण हे निवेदकाचं मत होतं. मत मांडायचं स्वातंत्र्य..."

"मताला आम्ही हात लावत नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "प्रश्न विचारा, टीका करा, धर्मावरही करा. पण तुमच्या निवेदकानं माणसांना वाळवी म्हटलं आणि वाळवीचं काय करतात असं लाखो घरांना विचारलं. याचं उत्तर काय अपेक्षित होतं, वकीलसाहेब? तुम्हीच सांगा."

वकिलानं कागद चाळले.

मग अध्यक्षबाई ताईकडे वळल्या. "आणि तुम्ही. तुम्ही का थांबलात ते प्रेक्षकांना सांगायला हवं होतं. तो त्यांचा हक्क होता."

"हो," ताई म्हणाली. "तक्रारदारांनी त्याच रात्री माझी चांगली खरडपट्टी काढली."

अध्यक्षबाईंच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं.

निकाल लागला. तो भाग वाहिनीनं सगळीकडून काढून टाकायचा. माफी मागायची ती त्याच कार्यक्रमात, त्याच वेळी, त्याच निवेदकानं, खाली पळणाऱ्या पट्टीत नव्हे. आणि कोपऱ्यात दुभाषी हवीच. निवेदकाची नोकरी गेली नाही आणि ताईची परत आली नाही. आईला हे पटलं नाही. "हा कसला न्याय?" ती म्हणाली. पण तिनंही त्या संध्याकाळी लवकर आवरून टीव्ही लावला.

ताई मात्र सुतारशाळेत गेली. काम संपलं होतं, भुसा झाडायचा बाकी होता. माफी सुरू व्हायच्या आधी मिस्त्रींनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"राहू द्या की, मिस्त्री. तुम्हाला ऐकू यायला नको?" ताई म्हणाली.

"त्याचा आवाज पुष्कळ ऐकला," मिस्त्री म्हणाले. "आज ह्याच्याबरोबर बघतो."

निवेदक कागदावरून वाचत होता. ओठ भराभर हलत होते, डोळे वर येत नव्हते. कोपऱ्यातल्या चौकटीत एक नवी मुलगी होती. सुरुवातीला जरा अडखळली, मग सावरली. तिनं तळवा छातीवर टेकवला, पुढे नेला आणि लगेच 'माणसं' ही खूण केली, मोठी आणि सुटी. ताई नकळत पुढे झुकली.

"चांगले हात आहेत हिचे," धाकटा म्हणाला.

मिस्त्री टक लावून बघत होते. मुलीनं शेवटची एक खूण केली आणि चौकट नाहीशी झाली.

"ही कसली खूण, ताई? शेवटची?"

"माफ करा."

"अस्सं." मिस्त्री विचारात पडले. "पकड, धर, खिळा दे, चहा आण, सगळं येतं मला. ही नव्हती येत. इतक्या वर्षांत आम्हाला कधी लागलीच नाही."

त्यांनी ती करून बघितली. रंध्यानं जाड झालेली बोटं नीट मिटेनात, अंगठा भलतीकडेच गेला. धाकटा खदखदून हसला. मग भुशानं माखलेला तो हात त्यानं आपल्या हातात घेतला आणि अंगठा हलकेच जागेवर आणून ठेवला.