रिकाम्या पोटाचा तलाव

मी खड्डा बोलतोय. काठावरच्या पाटीवर ‘पाचू तलाव’ लिहिलंय खरं, पण ती घरं विकणाऱ्या दलालाची करामत. माझा जन्म पावसाचं पाणी पोटात घेण्यासाठी झाला, आणि ते काम माझ्याइतकं चोख इथे दुसरं कुणी करत नाही.

इथे म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, वॉरुंगा पार्क नावाच्या वस्तीत. पूर्वी अननसाची शेतं होती. घरं उठली, रस्ते डांबरी झाले, तेव्हा मला खणलं. वरच्या गल्ल्यांची पावसाळी गटारं माझ्यात उतरतात. आलेलं पाणी मी धरतो आणि पलीकडच्या तोंडातून बेताबेतानं ओढ्यात सोडतो. पुढची सर घ्यायला पोट रिकामं हवं, एवढाच माझा हट्ट. माणसांना मात्र मी काठोकाठ भरलेलाच आवडतो.

पाण्याबरोबर माती येते, गटारात लोटलेलं कापलेलं गवत येतं, बदकांना टाकलेला पाव येतो. एकदा तर दुकानातली सामानाची ढकलगाडी आली. माझा गाळ काढायचा खर्च नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी मांडला जाई आणि दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलला जाई. गाळ काढल्याचा फोटो काही देखणा येत नाही ना!

मी उथळ झालो, तशा क्लाइव्हच्या होड्या रुतू लागल्या. क्लाइव्ह हा निवृत्त बसचालक, खेळण्यातल्या शिडाच्या होड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. रविवारी पांढरी टोपी घालून असा उभा राहतो, जणू आरमारच सांभाळतोय. गाळ काढा म्हणून ओरडायचं सोडून या गड्यानं काय करावं? माझ्या पलीकडच्या तोंडात जाड फळी ठोकली. पाणी चढलं, होड्या तरंगल्या, मंडळ खूश. रोग एकीकडे आणि लेप भलतीकडे!

खालच्या गल्लीत व्हर्ली राहते. एकटी, विधवा, जिभेची तिखट. त्यानंतर दोनदा तिच्या घरात पाणी शिरलं. तिला वाटलं, गटार तुंबलंय.

डिसेंबरातल्या, म्हणजे इथल्या ऐन पावसाळ्यातल्या, एका शनिवारी नगरसेविका टोन्यानं माझ्या काठावरच लोकांना बोलावलं. तव्यावर सॉसेज आणि कांदा चरचरत होता.

“यंदा पैसे एकाच कामापुरते आहेत,” टोन्या म्हणाली. “होड्यांसाठी लाकडी धक्का बांधू, की गाळ काढू?”

“गाळ? कुठाय गाळ?” क्लाइव्हनं हात पसरले. “बघा की, कसा तुडुंब भरलाय!”

“तुझ्या होड्या इथे तरंगतात आणि माझं कपडे धुवायचं मशीन घरात तरंगतं,” व्हर्ली म्हणाली. “लावायची का शर्यत?”

सगळे हसले, आणि हात वर केले ते धक्क्यासाठी. मला राग आला. फार राग आला.

तेवढ्यात आभाळ फाटलं. मंडळी सभेसाठी उभारलेल्या तंबूखाली दाटली. गटारं माझ्यात धो धो कोसळू लागली आणि माझ्याकडे घोटभर जागा नव्हती. पाणी काठावरून निघालं, ते थेट व्हर्लीच्या गल्लीकडे.

“माझं घर!” ती किंचाळली.

क्लाइव्हचा चेहरा पांढराफटक पडला. तो बुटांसकट पाण्यात उतरला.

“अरे, मरायचंय का तुला?” व्हर्ली ओरडली.

“तोंडात फळी आहे, व्हर्ली. मीच घातलीय. होड्यांसाठी.”

तिनं बाह्या सरसावल्या. “तुझी हजेरी नंतर घेते. आधी दोर आण!”

फळीला दोर बांधून निम्मी सभा ओढायला लागली. माझंच पाणी फळीला दाबून धरत होतं. मला काही करता येईना, जीव नुसता तळमळला. शेवटी व्हर्लीनं शिवी हासडून हिसका दिला आणि फळी निघाली. पाणी तिच्या उंबऱ्याशी थांबलं.

सकाळी माझं पोट उघडं पडलं होतं. गाळाचे ढीग, ती ढकलगाडी, सगळं लख्ख दिसत होतं. क्लाइव्ह टोपी हातात धरून उभा होता.

“टोन्या, धक्का नको,” तो म्हणाला. “गाळ काढा. चूक माझी आहे.”

“आणि दरवर्षी काढा,” व्हर्लीनं बजावलं. “मी येऊन बघणार आहे.”

गाळ निघाला. पावसाच्या चार सरी मी गिळल्या आणि व्हर्लीची फरशी कोरडी राहिली. होड्यांनी खालच्या धरणावर बस्तान हलवलं. नवे भाडेकरू मला बघून “आटला बिचारा” म्हणतात. आटलो नाही हो, तयार बसलोय!

त्या फळीचं व्हर्लीनं दारात बाकडं केलंय. क्लाइव्ह तिथे चहा पितो आणि मुकाट्यानं बोलणी खातो. माझं मागणं एवढंच आहे: मला रिकामा पाहून हळहळू नका, आणि ती फळी तिच्या दारातच राहू द्या.