मर्लची बोली

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये गाडीशिवाय माणसाचं अडतं. एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, संपला की दुसरा, आणि बसची वाट बघता बघता पाय गोठून जातात. तरी वैजयंतीनं आल्यावर दोन वर्षं गाडी शिकायचं टाळलं, कारण तिच्या ऑफिसातली मर्ल गॉर्डन दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रोज सकाळी तिच्या दारासमोर हॉर्न वाजवायची.

वैजयंती नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टर. २००३ साली नवऱ्याबरोबर, मिलिंदबरोबर, इथं आली तेव्हा बत्तीस वर्षांची होती. मर्ल चाळिशीची, ट्रेनिंग विभागात नवीन लोकांना शिकवणारी. जन्म जमैकातला, पण वाढली जवळच्याच लूटन गावात. ऑफिसात तिच्याइतकं स्वच्छ इंग्रजी कुणाचं नव्हतं. मोठे साहेब लोकसुद्धा पत्राचा मसुदा तिच्या नजरेखालून घालून घेत. वीस वर्षांपूर्वी हीच बाई एका मैत्रिणीबरोबर माइक हातात घेऊन लूटनच्या क्लबांमधून रॅप करायची, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. वैजयंतीला ते गाडीत कळलं.

गाडीत कायम हिप-हॉप चालू असायचं. सुरुवातीला वैजयंतीनं नाक मुरडलं. तिच्या लेखी हे संगीत म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या गळ्यातल्या जाड साखळ्या, शिव्या आणि मागं नाचणाऱ्या अर्ध्या कपड्यातल्या पोरी. तिनं तसं बोलूनही दाखवलं. मर्ल रागावली नाही. कुणाला टीव्हीवर दाखवायचं हे ठरवणारे लोक वेगळेच असतात, एवढं म्हणाली. बायकांचं म्हणावं, तर तिनं स्वतःचा ग्रुप त्याच कारणासाठी सोडला होता, कारण पुरुषांना या दोघी पुढं नको होत्या, मागं नाचायला हव्या होत्या. मग ती एकेक ओळ थांबवून समजावायची: हा कुठल्या गल्लीबद्दल बोलतोय, हा शब्द कुठून आला, इथं ताल मुद्दाम का मोडलाय. वर्षभरात वैजयंतीला त्याची गोडी लागली. गोडी लागली आणि मग मतंही फुटली.

तिनं इंग्रजीत ब्लॉग सुरू केला. कोणता गायक खरा, कोण नुसता विकाऊ, अमेरिकेतलं चांगलं की ब्रिटनमधलं, असं ती ठासून लिहायची. हात चांगला होता. वाचणारे वाढत गेले. मर्ल प्रत्येक लेख वाचायची आणि चुकलेली साल-नावं दुसऱ्या दिवशी गाडीत सांगायची.

त्या दिवाळीत लंडनच्या पिनर भागात, ओळखीच्या सुलक्षणाताईंकडे पंचवीस-तीस मराठी माणसं जमली होती. फराळ करता करता सुलक्षणाताई म्हणाल्या की ही काळ्या लोकांची गाणी आपल्या मुलांच्या कानावर पडता कामा नयेत, आणि ती माणसंही जरा लांबच बरी. बाकीचे चकल्या खात राहिले. वैजयंती बोलली. पाऊण तास बोलली, आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं. घरी येताना मिलिंद म्हणाला, "बरोबर बोललीस. पण त्या लोकांची वकिली तू केलीस, आणि ऐकताना वाटलं की आता तूच न्यायाधीश आहेस." तिला ते लागलं, पण तिनं ते आकसाचं बोलणं समजून सोडून दिलं.

२००५ मध्ये लंडनच्या एका छोट्या संगीत मासिकानं तिला दर महिन्याला एक पान लिहायला दिलं. नेमकं त्याच वर्षी सप्टेंबरात मर्लनं तिच्या हातात एक सीडी ठेवली. लूटनमधल्या एका जुन्या मित्राच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार जाऊन तिनं नऊ गाणी केली होती, वीस वर्षांनंतर. "वाटलं तर लिही," ती म्हणाली. "नाही वाटलं तर नको."

वैजयंतीनं दोन संध्याकाळी ती ऐकली. निम्मी गाणी मर्लच्या रोजच्या इंग्रजीत होती, ती तिला साधी पण नेटकी वाटली. उरलेली जमैकाच्या बोलीत होती, जाड, घोटीव, शब्दाला शब्द चिकटलेली. त्यातलं तिला फारसं समजलं नाही. समजलं नाही असं मात्र तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. शिवाय मैत्रिणीची भलामण केली तर आपल्या मताला किंमत काय राहील, ही धास्ती होती. तिनं लिहिलं की या गायिकेला ताल कळतो, पण तिनं पांघरलेली बोली उसनी आहे. दिवसभर ऑफिसात राणीचं इंग्रजी बोलणाऱ्या बाईनं शनिवारी अंगावर घातलेला तो एक पोशाख आहे, आणि हिप-हॉपमध्ये खोटेपणाला माफी नाही. शेवटचं वाक्य तिला इतकं आवडलं होतं की तिनं ते मिलिंदला वाचून दाखवलं. त्यानं विचारलं, "हे मर्लला आधी दाखवलंस का?" ती म्हणाली, समीक्षा आधी दाखवत नसतात.

अंक आला त्या दिवशी मर्ल संध्याकाळी कार पार्कमध्ये गाडीला टेकून उभी होती. आवाज चढलेला नव्हता.

"मी नऊ वर्षांची होईपर्यंत जमैकात आजीजवळ वाढले," ती म्हणाली. "तिच्या बोलीशिवाय मला दुसरी भाषाच येत नव्हती. लूटनच्या शाळेत मी तोंड उघडलं आणि त्यांनी मला मतिमंद मुलांच्या वर्गात बसवलं. दोन वर्षं. मग मी बोलणं बदललं, म्हणून इथपर्यंत आले. उसनं काय आहे ते तू नीट ओळखलंस, वैजयंती. फक्त उलटं लिहिलंस."

वैजयंतीच्या तोंडून निघालं, "ते माझं मत होतं."

"हो," मर्ल म्हणाली. "तू दुपारी जिन्यात उभी राहून आईशी फोनवर बोलतेस. मला त्यातला एकही शब्द कळत नाही, पण तो आवाज मीटिंगमधल्या वैजयंतीचा नसतो. मी कधी ठरवलं नाही, त्यातली खोटी कुठली."

खरोखरच वैजयंती आईशी बोलताना वेगळीच असायची. 'येऊन राहिली ना मी पुढच्या महिन्यात, तू काऊन रडते?' असं बोलायची. आणि लग्नानंतर पुण्याला सासरी याच 'येऊन राहिली'वर सगळे हसले होते, तेव्हापासून चार माणसांत तिनं ते कधी जिभेवर येऊ दिलं नव्हतं.

पाऊस नव्हता, काही नव्हतं, तरी मर्लनं तिला चालत जाऊ दिलं नाही. नेहमीसारखं घरापाशी सोडलं. गाडीत त्या दिवशी काहीच वाजत नव्हतं. वैजयंती उतरत असताना मर्ल एवढंच म्हणाली की उद्यापासून माझी ऑफिसची वेळ बदलते आहे.

वैजयंतीनं माफीचा ईमेल तीनदा लिहिला आणि तीनदा पुसला. संपादकाला दुरुस्ती छापायला सांगितली, तर तो म्हणाला की ती सीडी कुणी ऐकलेलीच नाही, उगाच कशाला उकरून काढायचं. तिनं हे फार लवकर मान्य केलं, आणि पुढं तिला तेच जास्त टोचत राहिलं. नाताळात तिनं कार्ड पाठवलं. उत्तराचं कार्ड आलं, सुवाच्य अक्षरात, शुभेच्छा देणारं. ट्रेनिंग विभागातून कुणालाही येईल तसं. पुढच्या वर्षी मर्लची नॉर्थॅम्प्टनला बदली झाली. ती पुन्हा गायली नाही, असं कुणाकडून तरी कळलं. वैजयंतीनं गाडी शिकून घेतली.

२००७ च्या मार्चमध्ये ऑफिसात सगळ्यांना एक मेल आला. मर्ल गॉर्डन, वय चव्वेचाळीस, मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. अंत्यविधी शुक्रवारी, लूटनला.

वैजयंती एकटी गेली. चर्च गच्च भरलं होतं. नंतर शेजारच्या हॉलमध्ये जेवण होतं, राजमा घातलेला भात आणि तळलेले मासे. एका कोपऱ्यात मर्लची आई बसली होती, काळ्या हॅटमधली, पंचाहत्तरीची, हॉस्पिटलातून निवृत्त झालेली. वैजयंतीनं जवळ जाऊन नाव सांगितलं. म्हातारीनं तिचा हात धरून त्याच बोलीत काहीतरी विचारलं. वैजयंतीला एकही शब्द कळला नाही. म्हातारीनं पुन्हा विचारलं, तरी कळलं नाही. तेव्हा म्हातारी सावरून बसली आणि डॉक्टरसमोर बोलावं तसं एकेक शब्द तोडून, स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "माझ्या मुलीबरोबर तुम्ही काम करत होता का?"

"नको," वैजयंती म्हणाली. "तुम्ही तुमच्यासारखंच बोला. मी विचारीन परत."

मग तिनं सांगून टाकलं. मर्लच्या गाण्यांबद्दल मी वाईट लिहिलं, ती बोली खोटी आहे असं लिहिलं, आणि मला ती समजतच नव्हती. म्हातारीला यातलं काही माहीत नव्हतं. मर्लनं घरी सांगितलंच नव्हतं. तरी म्हातारीनं हात सोडला नाही.

"कोणतं गाणं?" तिनं विचारलं.

वैजयंतीनं आठवेल तशी चालीत एक ओळ म्हणून दाखवली. शब्द चुकले असणार. म्हातारीनं डोळे मिटले, आणि तीच ओळ नीट म्हटली. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात बोलावताना तिची आई, म्हणजे मर्लची आजी, असं ओरडायची. लहानगी मर्ल दारात उभी राहून तिची नक्कल करायची, आणि तेवढ्यानं कोंबड्या खरोखर परत यायच्या.

हे सगळं कळायला वैजयंतीला चारदा विचारावं लागलं. म्हातारी चारही वेळा न कंटाळता सांगत गेली. मग कुणीतरी तिला निरोप घेणाऱ्या पाहुण्यांकडे घेऊन गेलं, आणि वैजयंती तिथंच बसून राहिली. दोन वर्षं रोज सकाळी ती मर्लच्या शेजारी बसली होती. हे तिला तेव्हा गाडीतच विचारता आलं असतं.