फोलाऊची कबर

आमच्या बेटावरची सगळी भुतं एकाच ठिकाणी नांदतात: गावामागच्या सुरूच्या रानात, जुन्या दफनभूमीत. तिथे एक बाई केस मोकळे सोडून पाणी मागते. तिथला चाफा तोडलेल्या एका पोराचं तोंड वाकडं झालं ते झालंच. मी यातलं काहीएक पाहिलेलं नाही, आणि पाहिलंय म्हणणारे एकजात थापाडे आहेत.

एक गोष्ट मात्र आम्हा टोंगाच्या लोकांत थापाडेही थट्टेवारी नेत नाहीत. पुरलेल्या माणसाच्या हाडात झाडाचं मूळ शिरलं, की त्याच्या रक्ताच्या माणसाला त्याच जागी दुखायला लागतं. मग कबर उकरायची, मूळ ओढून काढायचं, हाडांना खोबरेल चोळायचं आणि पुन्हा पुरायचं. माझ्या आजोबांची पाठदुखी अशीच थांबली होती.

भुतांच्या गोष्टी सांगण्यात आमची आई तरबेज. तिची ठेवणीतली गोष्ट फोलाऊची. हा फोलाऊ दूरच्या बेटावरून खोबरं वाळवायच्या कामाला आला होता. माझी थोरली बहीण फुसी जन्मायच्या आधीच तो समुद्रात बुडून मेला. त्याची कबर रानाच्या पार टोकाला, एकटी. "तिकडे फिरकलात तर पाय धरून आत ओढेल," असं सांगताना आईचा आवाज असा कापायचा, की आम्ही दोघी बहिणी एकमेकींना चिकटून बसायचो. पुढे मोठी झाल्यावर मला वाटायचं, काय नाटकी बाई आहे!

फुसीताई एकोणीस वर्षांची असताना तिचा डावा डोळा दुखायला लागला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, थेंब दिले, म्हणाले डोळ्यात काही नाही. ताई खांबावर डोकं आपटायची. पोटात अन्न ठरेना. बाबा तिच्या उशाशी बसून वारा घालायचे, आणि ती किंचाळली की स्वतःच ओठ चावायचे. आम्हा भावंडांत त्यांचा सगळ्यांत जीव तिच्यावरच. मळ्यावर जाताना न्यायचे तर तिलाच. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

शेवटी वाइसिमा आत्या आली. बाबांची थोरली बहीण. आमच्यात आत्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही, आणि आमची आत्या तर बोलायला लागली की कुणी मध्ये पडतही नाही.

"हेनेले, पोरीला चटईवर घाल आणि रानात घेऊन चल," ती बाबांना म्हणाली. "मूळ निघालं की तिलाच आधी कळेल."

सकाळपासून खणायला सुरुवात झाली. बाबा आणि चुलतभाऊ माका खणत होते, ताईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आजोबा झाले, आजी झाली. आईचे आईवडील झाले. हाडं स्वच्छ, एकाला मुळाचा केससुद्धा लागलेला नाही.

"तुझे सगळे पूर्वज ठणठणीत आहेत रे," आत्या म्हणाली. "जिवंतपणी तर एकाची तब्येत धड नव्हती!"

माका हसला, पण ताईने असा टाहो फोडला की त्याचं हसू जागीच विरलं. "बाबा, डोळा उपटून काढा हो माझा!" ती ओरडत होती.

आई इतका वेळ लांब बसून गवत उपटत होती. ती उठली आणि रानाच्या टोकाकडे चालायला लागली. फोलाऊच्या कबरीपाशी जाऊन उभी राहिली.

"इथे खणा."

"डोकं फिरलं का तुझं?" आत्या तिच्यामागे गेली. "तो कुठला, कोण! त्याच्या रक्ताचं या बेटावर आहे तरी कोण, ज्याला..."

आत्या बोलता बोलता थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच.

"वन्सं, पोर मरतेय," आई म्हणाली. "पाया पडते, खणा."

माकाने फावडं खाली ठेवलं आणि झाडांकडे बघत उभा राहिला. बाबांनी ते उचललं. एकट्यानेच खणलं त्यांनी, आईकडे न बघता. मला त्या वेळी आईची शिसारी आली आणि कीवही आली, दोन्ही एकदमच. आम्ही ताईला चटईसकट खड्ड्याजवळ आणलं.

कवटी वर आली. डाव्या खोबणीतून बोटाएवढं जाड मूळ आरपार गेलं होतं. बाबा त्याच्याकडे नुसते बघत राहिले. मग दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते उपटलं.

माझ्या मांडीवरचं डोकं सैल झालं. कितीतरी दिवस लाकडासारखी ताठलेली मान मऊ पडली, आणि ताईने मोठा श्वास सोडला. तिने दोन्ही डोळे उघडले. मी ओरडणारच होते, तेवढ्यात ती उठून बसली. कबर कुणाची, खड्ड्यात कोण उभं आहे, त्याच्या हातात काय आहे, सगळं तिने पाहिलं.

"फुसी," बाबांनी विचारलं, "थांबलं का गं?"

त्यांचा तो आवाज मी कधी विसरणार नाही. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग तळहात डाव्या डोळ्यावर दाबून धरला.

"नाही बाबा. अजून दुखतंय."

बाबांचा चेहरा उजळला. लेक वेदनेत आहे हे ऐकून बापाच्या तोंडावर आनंद पसरलेला मी पाहिला आहे, देव मला क्षमा करो.

"बघ अक्का!" ते आत्याला म्हणाले. "कबर चुकली आपली. माझी पोर आहे ती!"

आईने तोंड उघडलं, पण ताई इतक्या जोरात किंचाळली की आईचं बोलणं कुणाला ऐकूच आलं नाही. फोलाऊच्या हाडांना तेल चोळायचं राहूनच गेलं. आईने एकटीने हातांनी माती लोटली.

त्या रात्री ताई माझ्या शेजारी गाढ झोपली. सकाळी उठून तिने डोळ्याला फडकं बांधलं.

बाबा अजून खणतात. आजोबांचे भाऊ झाले, पणजोबा झाले, आता ज्यांची नावंसुद्धा धड आठवत नाहीत त्यांच्या कबरी चालू आहेत. गावातली पोरं हल्ली नवीनच गोष्ट सांगतात, की रानात एक म्हातारा मढी उकरत फिरतो आणि एक फडकं बांधलेली बाई त्याच्यासोबत असते. ऐकलं की माझा संताप होतो, पण कुणाकुणाची तोंडं धरणार? दर खड्ड्यापाशी बाबा आशेने वर बघतात आणि विचारतात, "थांबलं?" ताईचं लग्न राहिलं, केस पांढरे व्हायला लागले. ती म्हणते, "नाही बाबा," आणि बाबा समाधानाने माती लोटायला लागतात.