बटव्याची आखूड दोरी

नागपूरची राजधानी भोपाळला हलली, तेव्हा फायली, टाइपरायटर आणि टाचण्यांच्या डब्यांबरोबर नरहर कारकूनही हलला. चार मुलखांची मोट बांधून नवा मध्य प्रदेश झाला होता. प्रत्येक मुलखाचा शेर वेगळा, गज वेगळा. एकमत एवढंच, की आपला तो खरा.

शहराबाहेर मोठा कारखाना उभा राहत होता. तिथल्या विलायती इंजिनियरांच्या बायकांना जुन्या शहरातल्या चौक बाजारातले मोत्या-जरीचे बटवे आवडले, त्यांनी ते माहेरी धाडले, आणि एके दिवशी लंडनच्या एका दुकानाने विचारणा केली, की बटवे हवेत, पण सगळे सारखे हवेत. तुमच्याकडे बटव्याचं काही प्रमाण, म्हणजे ठरवून दिलेलं माप, आहे का?

प्रमाण नव्हतं. साहेब अच्युतरावांनी नरहरला बोलावलं.

"लिहून टाका. ऐच्छिक आहे, पाळलं तर पाळलं. घाबरू नका."

नरहर घरी आला आणि त्याने बायकोचा, वसुधाचा, बटवा मागून घेतला. भोपाळात आल्या आठवड्यातच तिने तो चौकातून आणला होता. पुढे त्याची एक दोरी क्वार्टरच्या कडीत अडकून तुटली, म्हणून तिने टोक कापून गोंडा परत शिवला होता. नरहर जुन्या सचिवालयात तयार झालेला माणूस. दिसेल ते लिहायचं, डोकं मधे घालायचं नाही, ही तिथली शिकवण. त्याने पट्टी लावली आणि लिहिलं: उजवी दोरी नऊ इंच, डावी साडेसात.

मसुदा हरकतींसाठी साठ दिवस सगळ्या खात्यांत फिरला. एकच उत्तर आलं, पाटबंधाऱ्यांकडून: आमच्या खात्याचा बटव्याशी संबंध नाही. प्रमाण मंजूर झालं, त्याला क्रमांक मिळाला.

मग राज्याने हस्तकलेच्या मालासाठी नियम केले. बटवा म्हणजे काय ते नियमात कुठे लिहीत बसणार? 'परदेशी जाणारा बटवा प्रमाणानुसार असावा,' एवढं एक वाक्य घातलं. अच्युतराव खूश होते. "कायद्याला बटवा कळत नाही आणि प्रमाणाला दंडुका नाही," ते म्हणाले. "लग्न लावून दिलं, आता करतील संसार." आणि प्रमाण ज्याने लिहिलं तोच तपासनीस, या न्यायाने शिक्का नरहरच्या हाती आला.

पहिला माल आणला हमीदा बींनी. साठी उलटलेली बाई. त्यांनी आणि दोन सुनांनी मिळून अख्खा हिवाळा घालवून तीनशे बटवे केले होते. शनिवारी माल मुंबईच्या गाडीत चढायचा होता. तो चुकला तर बोट चुकणार, आणि दुकान दुसरीकडे वळणार. तो दिवस बुधवार होता.

नरहरने पट्टी लावली. नऊ आणि नऊ. दुसरा घेतला. नऊ आणि नऊ.

"बी, आपका काम अच्छा है," तो म्हणाला, "लेकिन प्रमाण में बैठता नहीं."

"क्या नहीं बैठता, मियां?"

"एक डोरी छोटी चाहिए."

हमीदा बींनी त्याच्याकडे तापात बरळणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "हमारी नानी के ज़माने से दोनों डोरी बराबर है. छोटी किसने की?"

नरहरला खोटं बोलता येत नसे. त्यासाठी डोकं मधे घालावं लागतं. त्याने टेबलाच्या खणातून वसुधाचा बटवा काढला. हमीदा बींनी तो उलटसुलट करून पाहिला, आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"ये तो मेरे हाथ का है," त्या म्हणाल्या. "और ये गोंडा किस अनाड़ी ने सिया है?"

"घर में से," नरहर पुटपुटला.

तो धावत अच्युतरावांकडे गेला. "साहेब, चूक माझी आहे. दुरुस्ती करू."

"करू ना. मसुदा काढा, साठ दिवस फिरवा."

"साहेब, शनिवारी गाडी आहे. नुसता शिक्का मारू का?"

"आणि हे?" अच्युतरावांनी लंडनचं पत्र पुढे सरकवलं. माल अमुक क्रमांकाच्या प्रमाणाप्रमाणे असावा, अन्यथा परत पाठवू. "पाच हजार मैलांवरचा तो माणूस हमीदा बींना ओळखत नाही, नरहरपंत. तुमच्या क्रमांकाला ओळखतो."

"पण प्रमाण तर ऐच्छिक आहे."

"आहेच. बाईंची इच्छा नसेल तर बटवे पाठवू नयेत."

नरहर परत आला, तेव्हा हमीदा बींनी चेहऱ्यावरूनच ओळखलं. त्यांनी वाद घातला नाही. सुनांना बोलावून घेतलं आणि कचेरीच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली. गोंडा उसवायचा, दीड इंच दोरी कापायची, गोंडा परत शिवायचा. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. नरहर शेजारी बसून पट्टी धरत होता. शुक्रवारी दुपारी वसुधाही डबा घेऊन आली आणि सुई मागू लागली.

"तुम रहने दो, बेटी," हमीदा बी म्हणाल्या. "तुम्हारी सिलाई से ही तो ये क़ानून बना है."

शनिवारी तीनशे बटवे शिक्क्यानिशी गाडीत चढले. दोन महिन्यांनी लंडनहून पत्र आलं: माल उत्तम, आणखी सहाशे पाठवा, एक दोरी आखूड ठेवण्यामागची प्राचीन परंपरा ग्राहकांना समजावून सांगायची आहे, कृपया दोन ओळी कळवाव्यात. अच्युतरावांनी शेरा मारला: 'नरहर यांनी कळवावे.'

परंपरा शिवणकामात कच्ची आहे, असं कळवणं नरहरला प्रशस्त वाटेना. निदान घरची चूक तरी निस्तरावी म्हणून त्या संध्याकाळी तो वसुधाला घेऊन चौकात गेला. हमीदा बींच्या ओसरीवर नव्या सहाशे बटव्यांच्या दोऱ्या कापून ठेवलेल्या होत्या: एक ढीग नऊ इंचांचा, एक साडेसातांचा. वसुधाने आपला बटवा पुढे केला.

"बी, इसकी डोरी बराबर कर दो ना."

हमीदा बींनी तो हातात घेतला, आखूड दोरी बोटावर गुंडाळली, सोडली आणि बटवा परत दिला.

"नहीं, बेटी. पूरे भोपाल में यही एक असली है," त्या म्हणाल्या. "ठीक कर दूँ तो नक़ली हो जाएगा."