ओळ संपेपर्यंत

“काका, पोट नाही, बूड उचला!” व्यायाम शिकवायला आलेली ताई म्हणाली आणि पलंगावरच्या त्यांच्या बायकोला हसू आवरेना.

घड्याळजी जमिनीवर उताणे, गुडघे दुमडून, लालबुंद. “हसायला काय झालं?”

“जन्मभर स्टुलावरून हललं नाही ते! आता उचला म्हणतायत.”

बायकोच्या पायांतलं बळ आजारात गेलं होतं. मागच्या आठवड्यात तिला उठवून खुर्चीत बसवताना घड्याळजींची कंबर धरली आणि दोघेही पलंगावर कोसळले. मुलाने ठणकावून सांगितले, “महिनाअखेरीला येतो. बाबांना झेपलं तर ठीक, नाहीतर आईला शुश्रूषागृहात ठेवू.”

“बसून बसून तुमच्या बसायच्या जागेचे स्नायू झोपलेत,” ताईने समजावले. “मग सगळा भार कंबरेवर. त्यांना जागं करा. पण श्वास का कोंडताय?”

ती घड्याळदुरुस्तीच्या धंद्याची खोड होती. फुंकरीने बारीक चक्र उडेल म्हणून ते श्वास रोखून काम करत. आता कष्ट पडले की छातीच बंद होई.

“अहो, गा!” बायकोने फर्मावले. “गाणाऱ्याला श्वास कोंडून कसं चालेल?”

तेव्हापासून रोज सकाळी ती वरून ओळ धरी, “भार तुझा देवा, हातही तुझेच”, आणि ते खालून बूड उचलून साथ देत. ओळ संपेपर्यंत वर, संपली की खाली. सूर पार बेसूर. पण देवाच्या दारी घाम गाळून गायलेलं वाया जात नसावं.

महिनाअखेरीला मुलगा आला. आईचे कपडे भरायला रिकामी बॅग घेऊनच आला. दारातच उभा राहिला.

घड्याळजींनी पाय रोवले. तिचे हात स्वतःच्या गळ्यात घेतले. गुडघ्यांत वाकले, खालून जोर लावला आणि गाऊ लागले. आवाज कापला, पण तुटला नाही. ती उठली. सबंध उभी राहिली, त्यांच्या खांद्याला गाल लावून.

ओळ संपली. ते तिला हळूच खुर्चीत टेकवू लागले.

“थांबा हो,” ती कानाशी म्हणाली, आणि तिने तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली.

मुलाने बॅग दाराबाहेर ठेवली.